झाकणावरचं नाव

मी एक ट्रंक बोलतेय. काळी, पत्र्याची, दोन्ही बाजूंना कड्या आणि पुढे मुठीएवढं कुलूप असलेली. फौजेत मला बक्सा म्हणतात, घरात पेटी म्हणतात, आणि माझे मालक नाथाजी चारचौघांत मुद्दाम ट्रंक म्हणतात. कारण ट्रंक म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, 'फौजेत होता काय?' मी कडेगाव तालुक्यातल्या एका गावात राहते. गावाचं नाव सांगत नाही. पूर्वी सांगितलं असतं. पूर्वी मी कुणालाही सांगत होते, तेही न विचारता. त्याचीच ही गोष्ट आहे.

माझा जन्म सांगलीचा. तिथल्या एका पत्र्याच्या दुकानात मला ठोकून ठोकून चौकोनी केलं, तरी मागची एक बिजागरी तिरकी बसली ती बसलीच. त्यामुळे झाकण उघडलं की मी अजून कुरकुरते. घरातल्या बायकांचं म्हणणं असं, की ही पेटी चहाड्या करते. तेव्हा मला त्याचा राग यायचा. आता येत नाही.

नाथाजी तेव्हा नुकतेच भरती झाले होते. पहिल्या सुट्टीत त्यांनी मला घरी आणलं आणि शाळेचे फळे रंगवणाऱ्या धनाजीला बोलावलं. धनाजीनं पट्टी धरून पांढऱ्या रंगात माझ्या झाकणावर नंबर लिहिला, हुद्दा लिहिला, नाव लिहिलं, पलटण लिहिली, गाव, तालुका, जिल्हा लिहिला. अक्षर असं टपोरं, की दहा हातांवरून वाचता यावं.

आता माझ्या अकलेचं मोजमाप बघा. पोटात काय होतं? दोन स्वेटर, दाढीचं सामान आणि बायकोनं, राहीबाईंनी, बांधून दिलेला चटणीचा डबा. त्याला मुठीएवढं कुलूप. आणि मालक कोण, कुठल्या पलटणीतला, त्याचं घर कुठं, हे सगळं झाकणावर उघडं. कुलपाची किल्ली तर माझ्याच वरच्या खिळ्याला टांगलेली असायची. तरी मी स्वतःला तिजोरीच्या घराण्यातली समजत होते.

नाथाजी मात्र त्या काळात तोंडाचे फार पक्के होते. चोवीस वर्षं नोकरी केली, पण कुठं आहे ते बायकोलाही कधी सांगितलं नाही. राहीबाईंनी विचारलं की म्हणायचे, 'देशात हाय.' राहीबाईही काही कमी नव्हत्या. सुट्टीला आल्यावर त्या आधी मला उघडायच्या. पोटात जर्दाळू निघाले की ओळखायच्या, स्वारी बर्फात होती. एकदा त्या शेजारणीला एवढंच म्हणाल्या, की यंदा जर्दाळू आलेत, तर नाथाजी दोन दिवस जेवले नाहीत. असा तो माणूस होता.

नाथाजी निवृत्त झाले आणि मीही झाले. माझ्यात गणपतीची आरास, जुनी कागदपत्रं आणि कसर लागलेल्या शाली आल्या. एक कोंबडी माझ्यावर अंडीही घालून गेली. तेवढ्यात मुलगा जयराज भरती झाला आणि धनाजीनं पुन्हा ब्रश उचलला. बापाचं नाव खरवडून मुलाचं लिहिलं. मी परत फौजेत गेले, माझा रुबाब परत आला. पोटात तीच चटणी होती, हे मी कुणाला सांगितलं नाही.

जयराजनं एका सुट्टीत वडिलांना टचस्क्रीनचा मोबाइल आणून दिला. एवढं करून तो निघून गेला, आणि इथं नाथाजींच्या तोंडाचं कुलूप निघालं.

चोवीस वर्षांचं साठलेलं होतं बहुतेक. आधी फुलं आणि सुप्रभात. मग म्हशीला रेडी झाली, तिचं नाव चिंगी ठेवलं. मग बोअरला पाणी किती फुटांवर लागलं. मग राहीबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, टाक्यांसकट. मग चिरंजीव जयराज अमुक तारखेला मिरजेहून अमुक गाडीनं ड्युटीवर रवाना. कुणीही मैत्रीची विनंती पाठवली की नाथाजी घ्यायचे. त्यांचं म्हणणं, उंबऱ्यात आलेल्या माणसाला माघारी पाठवायची आपल्या घरात रीत नाही. त्यातून 'जय हिंद' लिहिलं असेल तर तो भावकीतलाच धरायचा. अशी चार हजार भावकी जमली.

सून अंकिता शहाणी होती. कराडला कॉलेज केलेली. तिनं लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं, माझा आणि पुढं होणाऱ्या लेकराचा फोटो कुठं टाकायचा नाही. नाथाजींना ते लागलं, पण त्यांनी ते पाळलं. बाकीच्या बाबतीत मात्र त्यांचं एकच उत्तर ठरलेलं होतं.

"कर न्हाई त्याला डर कशाला? आपलं काय चोरीचं हाय व्हय?"

मला हे फार पटायचं. माझं आयुष्यच झाकणावर लिहिलेलं, मला का नाही पटणार?

मागच्या दसऱ्याच्या दोन दिवस आधी जयराज बदलीवरून घरी आला. पुढच्या ठिकाणी जड सामान न्यायची सोय नव्हती, म्हणून मला घरीच ठेवायचं ठरलं. त्यानं वडिलांना समोर बसवून सांगितलं, आबा, माझा वर्दीतला एकही फोटो लोकांना दिसेल असा ठेवायचा नाही, वरून हुकूम आहे. नाथाजी जुने फौजी. हुकूम म्हटल्यावर ते ताठ झाले आणि चष्मा लावून वर्दीतले चाळीस-पन्नास फोटो एकेक करून पुसले.

आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमीला, घरातल्या विळ्या-कोयत्यांची पूजा झाल्यावर, त्यांनी माझ्या झाकणावर हळद-कुंकू वाहिलं, कोपऱ्यात झेंडूची माळ ठेवली आणि माझा फोटो काढून चार हजार भावकीसमोर टाकला. अंकितानं बघितलं आणि म्हणाली, आबा, हे काय. तर नाथाजी म्हणाले, वर्दी नको म्हणाला होता, ही तर पेटी आहे.

तीनशे लोकांनी मला हात जोडले. कुणी लिहिलं, धन्य ती पेटी. खरं सांगते, मी फुगले. पत्रा फुगतो तो उन्हानं असं म्हणतात, पण मी त्या फोटोनं फुगले. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, गाव, सगळं स्वच्छ वाचता येत होतं, आणि मला त्याचंच कौतुक वाटत होतं.

चैत्रात गावच्या जत्रेला जयराज आठ दिवसांसाठी आला, तेव्हा तो नाइकाचा हवालदार झाला होता. नाथाजी म्हणाले, घरात हवालदार आणि पेटीवर नाईक, लोक काय म्हणतील? जयराज म्हणाला, कोण बघतंय? पण धनाजी आला आणि माझ्यावर 'हवालदार' लिहून गेला. नाथाजी फोटो काढायला धावले, पण त्याच दिवशी म्हशीला पाणी पाजताना मोबाइल खिशातून टाकीत पडला आणि पंधरा दिवस कडेगावला दुरुस्तीत राहिला. तो परत येईतो माझ्यावर वाकळांचा ढीग पडला होता. म्हणजे माझं नवं झाकण कुणी बघितलं नाही, ते शहाणपणानं नव्हे. म्हशीच्या कृपेनं.

श्रावणातली गोष्ट. सकाळचे दहा वाजले असतील. दारात एक चारचाकी थांबली. आष्ट्याच्या बाजूची माणसं होती. एक पन्नाशीचे गृहस्थ आणि त्यांची बहीण, हातात नारळ आणि पेढ्यांचा पुडा. गाडीत मागं कुणीतरी बसून राहिलं होतं. मी आतल्या खोलीत वाकळांखाली होते, पण बाहेरच्या सोप्यातलं बोलणं सगळं ऐकू येत होतं; न दिसलेलं मागाहून कळलं.

राहीबाईंनी पाणी दिलं. पाहुण्यांनी घर निरखून बघितलं, गोठ्याकडं बघितलं आणि समाधानानं विचारलं, "हीच चिंगी काय?" नाथाजी खूश झाले. म्हशीची कीर्ती आष्ट्यापर्यंत गेलेली बघून कुणालाही बरं वाटेल. मग पाहुणे म्हणाले, "आमी घर बघाय आलोय, पाव्हणं. जयराजराव म्हणत हुतं सुट्टी मिळंपतूर थांबा. पण पोरगी द्यायची म्हटल्यावर घर बघाय नको? पेटीवर गावाचं नाव हुतंच."

नाथाजींना आधी हसू आलं. घर चुकलं असेल असं वाटलं. तेवढ्यात अंकिता चहाचा ट्रे घेऊन आली, पदराला दोन वर्षांची मुलगी. पाहुण्यांच्या बहिणीनं विचारलं, ही कोण. राहीबाई म्हणाल्या, सून. थोरल्या मुलाची का, असं त्या बाईंनी विचारलं.

"मला एकच मुलगा हाय," राहीबाई म्हणाल्या.

अंकितानं ट्रे तसाच खाली ठेवला, कपबशा वाजल्या तेवढ्या मला ऐकू आल्या.

मग त्या गृहस्थांनी मोबाइल काढला. चार महिने त्यांची मुलगी जयराजशी बोलत होती. म्हणजे जयराजच्या नावानं, जयराजच्या फोटोआडून जो कुणी बोलत होता त्याच्याशी. त्यानं सांगितलं होतं, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. बोअरला अमुक फुटांवर पाणी लागलंय. वडील माझ्याआधी फौजेत होते, ट्रंक त्यांचीच आहे. व्हिडिओवर बोलायला आमच्याकडं परवानगी नसते. पाहुणे एकेक वाक्य वाचून दाखवत गेले आणि नाथाजींना कळायला लागलं, की ही वाक्यं आपलीच आहेत. आपण लिहिलेली, शब्दाला शब्द.

एकदा ते अंकिताकडं वळून म्हणाले, "तरी मी म्हणत हुतो, तुजा एक फोटू असता तर कळलं असतं लगीन झालंय..." आणि पुढचं त्यांनीच गिळलं.

अंकिता मात्र काही ऐकत नव्हती. जयराजचा आठ दिवसांत फोन आला नव्हता. तिकडं रेंज नसते, हे तिला माहीत होतं. पण समोरच्या मोबाइलवर तिच्या नवऱ्याचा चेहरा होता आणि खाली दुसऱ्या बाईला लिहिलेली गोड वाक्यं होती. नवरा हजार मैलांवर असला की मनात शंकेची पाल चुकचुकायला किती वेळ लागतो? तिच्याही मनात ती चुकचुकली. मी इतकी वर्षं या घरात आहे, तिचा आवाज मी इतका बारीक झालेला कधी ऐकला नव्हता.

तिनं विचारलं, शेवटचा फोटो कधी आला? आठ दिवसांपूर्वी, पाहुणे म्हणाले. 'आज सामान भरतोय, ट्रंकजवळ बसून तुझी आठवण काढतोय.' फोटो माझा होता.

अंकितानं तो मोबाइल घेतला आणि ती आत आली. एका हातानं तिनं सगळ्या वाकळा खाली ओढल्या. माझं झाकण उघडं पडलं. तिनं फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. फोटोत 'नाईक' होतं. कोपऱ्यात झेंडूची माळ होती. माझ्यावर चैत्रात लिहिलेलं 'हवालदार' होतं.

ती माझ्याजवळ खाली बसली आणि रडली. मग डोळे पुसून तिनं हाक मारली, "आबा, हिकडं या. पाव्हण्यांनाबी आणा. हा फोटू दसऱ्याचा हाय, तुमी टाकलेला. पेटीवर आता हवालदार हाय, ह्ये ह्यांना ठावं हाय, लिवणाऱ्याला न्हाई."

सगळे आले, सगळ्यांनी बघितलं. जयराज सुटला. माझ्या झाकणानं आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगाचं काही सांगितलं होतं, आणि मला वाटलं, झालं, माझ्यामुळे निभावलं. बघा, तेव्हाही मी स्वतःवरच खूश होते.

पाहुणे बाहेर जाऊन बसले. अंकिता पाण्याचा तांब्या घेऊन गाडीकडं गेली आणि मागं बसलेल्या मुलीला हाताला धरून आत घेऊन आली. बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून ती माझ्यावर बसली. हलकी होती. अंग चोरून कडेलाच टेकली होती, ते पत्र्याला कळत होतं. अंकिता तिला 'नाईक' आणि 'हवालदार' यांची गोष्ट सांगून समजावत होती, की जाऊ दे, फसवणारा कुणीतरी दुसराच होता, लग्नाआधीच कळलं हे नशीब.

तिनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वैनी, तुमच्या पेटीवरलं अक्षर बदललं म्हणून तुमी सुटलासा. मी त्याला माजं फोटू पाठीवल्यात. लगीन ठरल्यागत हाय म्हणून मागिटलं त्यानं. आता म्हणतो, आजून पाठीव, न्हाईतर गावाला दावतो. मी माजं तोंड कसं बदलू?"

अंकितानं तिला जवळ ओढलं. मला त्या वेळी माझ्या झाकणाची लाज वाटली. खरोखर लाज वाटली, हे मी गंमत म्हणून सांगत नाही. ती पोर ज्या नावावर विश्वास ठेवून बोलली होती, ते नाव तिच्या खालीच होतं, ठळक, पांढरं, दहा हातांवरून वाचता येईल असं. तिनं नाव बघितलं, नंबर बघितला, पलटण बघितली. हा माणूस खराच असणार असं तिला वाटलं, ते माझ्यामुळे.

दारात नाथाजी उभे होते. त्यांनी ऐकलं होतं.

अंकिता मुलीला घेऊन बाहेर गेली आणि तिच्या वडिलांना तिनं जपून, पण सगळं सांगितलं. त्या माणसाचा तोल गेला. ते मुलीवर ओरडायला लागले, तुझ्यामुळे तोंड दाखवायला जागा राहिली नाही, असलं बरंच काही. आणि मग नाथाजी मधे येऊन उभे राहिले. चार हजार लोकांना रोज काही ना काही सांगणारा तो माणूस आता एकाच माणसाशी बोलत होता.

"पोरीला बोलू नगासा," ते म्हणाले. "दार मी उघडं टाकलं, पाव्हणं. चोर तुमच्या घरात शिरला. आपलं काय चोरीचं हाय, म्हणत बसलो. दुसऱ्याचं चोरीला जाईल, ह्ये माज्या ध्येनातच आलं न्हाई."

पाहुणे खाली बसले. राहीबाईंनी पुन्हा चहा टाकला, कारण अशा वेळी दुसरं काय करायचं ते कुणालाच सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अंकिता, नाथाजी, ती मुलगी आणि तिचे वडील सांगलीला सायबरच्या पोलिसांकडं गेले. अंकितानं मुलीला आधीच सांगून ठेवलं होतं, त्यानं पाठवलेलं काही पुसायचं नाही, त्याला आणखी काही पाठवायचंही नाही. नाथाजींनी जबाबात स्वतःहून लिहून दिलं, की हे सगळे फोटो आणि माहिती मी टाकलेली आहे. जयराजलाही पलटणीत लेखी खुलासा द्यावा लागला. त्यानं फोनवर वडिलांना काही म्हटलं नाही. नाथाजी सांगतात, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते खोटं खातं पुढं बंद झालं. धमक्या थांबल्या. माणूस अजून सापडलेला नाही. त्या मुलीचे फोटो कुठं आहेत, कुणाकडं आहेत, आहेत की नाहीत, हे कुणीच सांगू शकत नाही. ती दर रविवारी अंकिताला फोन करते. मधे दोन रविवार फोन आला नाही, तेव्हा अंकिता तडक एसटीनं तिच्या घरी जाऊन आली.

नाथाजी आता दुपारी माझ्यावर बसून मोबाइल हातात घेतात आणि चार हजार भावकी एकेक करून कमी करतात. सगळी एकदम काढायची युक्ती अंकितानं दाखवली होती, पण त्यांनी ऐकलं नाही. प्रत्येकाचं नाव मोठ्यानं वाचतात, 'ह्यो कोण?' असं स्वतःलाच विचारतात, आणि उत्तर आलं नाही की काढतात. परवापर्यंत अकराशे उरले होते. चिंगीचा एक फोटो मात्र त्यांनी ठेवलाय. तेवढं चालायचं.

आणि माझं सांगायचं तर, गेल्या महिन्यात धनाजीला पुन्हा बोलावलं. त्याला वाटलं, जयराजला आणखी बढती मिळाली. नाथाजी म्हणाले, सगळं काळं कर. नाव लिहायचंच तर झाकणाच्या आतून लिही. धनाजीनं तसंच केलं. आतल्या बाजूला, छोट्या अक्षरात, नुसतं नाव आणि नंबर. किल्लीही खिळ्यावरून राहीबाईंच्या कनवटीला गेली. आता मी वरून ठार काळी आहे. घरी नवा पाहुणा आला तर मला साधी धान्याची पेटी समजतो. सुरुवातीला फार झोंबलं. माझ्यासारखीला ओळख नाही म्हणजे काय. आता सवय झाली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझ्या आत शाली आणि चटणीच आहे, पण बाहेरच्याला ते कळत नाही, एवढ्यावर मी समाधानी आहे.

तुम्ही म्हणाल, सुधारलीस तर मग हे एवढं पुराण कशाला सांगितलंस? बरोबर आहे. बिजागरी तिरकी ती तिरकीच. नाथाजींचं सांगितलं, राहीबाईंचा गुडघा सांगितला, म्हशीचं नावसुद्धा सांगितलं. पण ते सगळं त्यांचं स्वतःचंच आधी जगाला सांगून झालेलं होतं, मी त्यात काही भर घातली नाही. तुम्ही मात्र तुमचं काही टाकण्याआधी एकदा दाराकडं बघा. आपल्या घरातून काय जाईल, एवढंच बघू नका. त्या दारातून कुणी दुसऱ्याच्या घरात शिरेल का, तेही बघा.

आणि तिचं नाव? माझ्यावर बसली होती तेव्हा अंकितानं विचारलं होतं, आणि तिनं सांगितलं होतं. मी ऐकलंय. चाळीस वर्षांत माझ्या पोटात कुलूप लावण्याजोगी एकच गोष्ट आली, ती ही.

ते मी सांगणार नाही.